आजोबांची एम२०: आधी आवाज, मग रंग

प्रश्न थोडक्यात असा. कराडजवळच्या गावात, वाड्याच्या मागच्या पडवीत आजोबांची बीएसए एम२०, म्हणजे जुनी इंग्लिश मोटारसायकल, १९८४ पासून उभी आहे. इंजिनावर डब्ल्यूएम२० ने सुरू होणारा नंबर आहे, चासीवर दुसराच. किक हलत नाही. आरसी बुक सापडलंय, पण आजोबांच्या नावावर. ओळखीच्या गॅरेजवाल्याने इंजिन, क्रोम आणि पावडर कोटिंग असं सगळं मिळून एक पॅकेज सांगितलंय आणि ‘उद्याच टेम्पोत घालून पाठवा’ म्हणतोय. विचारणाऱ्याने आजवर स्वतःच्या बाईकचा प्लग बदलण्यापलीकडे काही केलेलं नाही. सुरुवात कुठून करू, आणि रंग खाकी करू की चंदेरी?

टेम्पो पाठवू नका.

गॅरेजवाला वाईट असेल असं मी म्हणत नाही. पॅकेजचा क्रमच उलटा असतो. गाडी एका दिवसात सुटी होते, सगळं सामान पोत्यांत जातं. चासी रंगवायला, रिम क्रोमला, इंजिन तिसरीकडे. दोन महिन्यांत गाडी नवरीसारखी सजून उभी राहते आणि मग कळतं की मॅग्नेटो (बॅटरीशिवाय प्लगला करंट देणारं यंत्र) गरम झालं की करंट देणं बंद करतं, टाकी गळते, मडगार्डची पट्टी बसत नाही. मग त्याच नव्या रंगावर ग्राइंडर चालतो आणि पेट्रोल ओघळतं. मी माझ्या पहिल्या गाडीचं, एका मॅचलेस जी३एलचं, नेमकं हेच केलं. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवसांत खोलली, नट-बोल्ट बिस्किटांच्या डब्यात टाकले आणि ती पुन्हा रस्त्यावर यायला साडेतीन वर्षं लागली. त्यातलं एक वर्ष तर कुठला बोल्ट कुठला हे ओळखण्यात गेलं.

तेव्हा पहिलं ध्येय एवढंच ठेवा: गाडी आहे त्या रंगात, आहे त्या गंजात एकदा चालू झाली पाहिजे. ती बोलायला लागली की काय दुखतंय ते तीच सांगते. रंग सगळ्यात शेवटी.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघू. एम२० म्हणजे ४९६ सीसीचं एका सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, बोअर ८२ मिमी, स्ट्रोक ९४ मिमी, ताकद जेमतेम १३ हॉर्सपॉवर. डिझाइन इंजिनिअर व्हॅल पेज यांचं, कारखाना बर्मिंगहॅममधल्या स्मॉल हीथचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी अशा सव्वा लाखाच्या वर गाड्या बनल्या. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात त्याच कारखान्यातले ५३ कामगार मेले आणि उत्पादनालाही फटका बसला. नंबरातला डब्ल्यू लष्करी गाडीचा. युद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावांतून या गाड्या आपल्याकडे डॉक्टर, कंत्राटदार, बागायतदार अशा लोकांच्या हाती आल्या. तुमच्या आजोबांची त्यातलीच असणार. वेगवान नाही, देखणी तर मुळीच नाही, पण नवशिक्याला हिच्याइतकी सोशिक गाडी मिळणार नाही.

इंजिन आणि चासीचे नंबर वेगळे म्हणून कुणी ‘जोडतोड केलेली आहे’ असं म्हणालं, तर मनाला लावून घेऊ नका. त्या काळी बीएसएच्या कारखान्यातूनच दोन्ही नंबर वेगळे पडलेले असू शकतात. कारखान्याच्या जुन्या नोंदी इंग्लंडमधल्या व्हीएमसीसी या क्लबच्या ग्रंथालयात आहेत. तिथे फी भरून नंबरावरून दाखला मागवता येतो. महत्त्वाचं एवढंच की दोन्ही नंबर आरसी बुकाशी जुळले पाहिजेत. आत्ताच वायर ब्रश न लावता, रॉकेलच्या फडक्याने पुसून त्यांचे फोटो काढून ठेवा. पावडर कोटिंगवाल्याकडे चासी गेली की आधी ब्लास्टिंग (वाळूचा मारा) होतं, मग जाड थर चढतो, आणि उथळ ठोकलेला नंबर त्याखाली कायमचा बुजतो. नंतर आरटीओत इन्स्पेक्टर टॉर्च मारून नंबर शोधत बसतो आणि आपण घाम पुसत.

कागदांचं काम गाडीच्या कामाबरोबरच सुरू करा, कारण ते गाडीपेक्षा हळू चालतं. आधी वारसांच्या नावावर गाडी करून घ्या. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासीत किंवा इंजिनात फेरफार न केलेली दुचाकीही त्यात बसते. ज्यांची नोंदणीच नाही त्यांना व्हीए मालिकेचा नवा नंबर मिळतो आणि त्याची फी २० हजार रुपये आहे. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. म्हणजे आजोबांचा नंबर वाचू शकतो, म्हणून ते आरसी बुक लॅमिनेट करायच्या भानगडीत पडू नका, आहे तसं जपा. मात्र या नोंदणीवर रोज ऑफिसला जाता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच गाडी रस्त्यावर आणायची.

आता हत्यारं. इथे नवशिके सगळ्यात जास्त नुकसान करतात, आणि तेही पहिल्याच तासात. घरातला मिलिमीटरचा पाना या गाडीला लावायचा नाही. हिचे नट-बोल्ट इंची आहेत आणि त्यांतही तीन-चार जाती: व्हिटवर्थ, बीएसएफ आणि बारीक आट्यांचे सायकल थ्रेड. व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेलं माप तोंडाचं नसतं, बोल्टच्या जाडीचं असतं. पाव इंच लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचं तोंड भरतं साधारण १३.३ मिमी. तुमचा १३ चा पाना त्या नटावर चढत नाही आणि १४ चा चढतो पण खेळतो. दोनदा जोर लावला की नटाचे कोपरे गोल. मग येते पकड, मग छिन्नी, आणि मग माझ्यासारख्याला फोन.

आपले जुने फिटर अजून सुतात बोलतात, ८ सूत म्हणजे १ इंच. असा एखादा म्हातारा फिटर गावात असेल तर त्याच्याशी आत्ताच गट्टी करा. ‘अडीच सुती’ म्हटलं की तो ५/१६ चा बोल्ट डोळे मिटून काढून देईल. व्हिटवर्थ पान्यांचा सेट नवाही मिळतो, पण पुण्यात रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारलीत तर जुने इंग्लिश पाने किलोच्या भावात सापडतात आणि ते नव्यापेक्षा चांगले असतात. आट्यांबद्दलही एक सांगतो. ८ मिमीचा बोल्ट ५/१६ च्या भोकात दोन आटे छान जातो, मग अडतो. तिथे थांबायचं. मी नव्हतो थांबलो. मॅचलेसच्या अॅल्युमिनियमच्या क्रॅंककेसमधले (इंजिनाच्या खालच्या पेटीतले) आटे भुगा होऊन बाहेर आले आणि तो आवाज अजून कानात आहे.

किक हलत नाही म्हणजे पिस्टनच जाम आहे असं धरून चालू नका. क्लच दाबून धरा आणि किक हाताने हळूच खाली दाबा. हलली, तर गिअरबॉक्स ठीक आहे आणि इंजिन अडकलंय. तरीही नाही हलली, तर एक तर किकची यंत्रणा अडकलीय किंवा क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटल्यात, जे ४० वर्षांत हमखास होतं. किकवर उभं राहून उड्या मारणं हा उपाय नाही. किकच्या आतला गिअर तुटतो.

इंजिनच जाम निघालं, तर प्लग काढून आत डिझेल आणि गिअर ऑइल निम्मं-निम्मं ओता आणि आठ दिवस विसरा. रोज संध्याकाळी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवून बघा. फक्त हलवायचं, झटके द्यायचे नाहीत. बहुतेक वेळा पाचव्या-सहाव्या दिवशी चाक बोटभर जास्त सरकतं. तो आनंद सांगून कळणार नाही.

सुटलं तरी मी हेड उघडूनच बघेन, कारण साइड व्हॉल्व्हमध्ये ते फार सोपं आहे. व्हॉल्व्ह खाली सिलिंडरच्या बाजूला असतात, हेड म्हणजे नुसतं कुकरचं झाकण. बोल्ट समोरासमोरचे, पाव-पाव फेरा असे सैल करत जा. हेड चिकटलं तर फिनांच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाकळ्यांच्या) मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. बिडाच्या फिना बिस्किटासारख्या तुटतात. लाकडाचा ठोकळा धरून चहूबाजूंनी हलके टोले द्या. आत काय दिसेल ते मी आत्ताच सांगू शकतो. दोन व्हॉल्व्हपैकी जो इतकी वर्षं उघडा राहिला, त्याच्या बाजूने दमट हवा आत गेलेली असते आणि पिस्टन जिथे थांबला तिथे भिंतीवर गंजाचं कडं असतं. त्यावरून नख फिरवा. नख अडलं नाही तर बारीक होनिंगवर (दगडाने हलकं घासण्यावर) भागेल. अडलं तर बोअर करावा, म्हणजे सिलिंडर आतून कापून किंचित मोठा करावा लागेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि पुण्यात हे काम डोळे झाकून करणारे लोक आहेत, पण आधी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्या आणि मगच सिलिंडर त्यांच्याकडे न्या. बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो. उलटं केलंत तर ‘२० थाऊ’ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणून आणलेला पिस्टन प्रत्यक्षात १८ चा निघतो आणि गाडी जन्मभर खडखडते.

हेडखालचं तांब्याचं पॅकिंग निघालं तर फेकू नका. गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात सोडा. लोखंड असं केल्यावर कडक होतं, तांबं मऊ होतं. ते पुन्हा बसतं. आणि ब्रेकचे जुने लायनर, जुनी पॅकिंगं यांची धूळ हवेने फुंकू नका. त्या काळी त्यांत ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

तुमच्या पॅकेजमध्ये मॅग्नेटोचा उल्लेखच नाही, हे वाचून मी हसलो. सगळा जीव तिथे असतो. या गाडीवर लुकासचं मॅगडायनो आहे, म्हणजे खाली मॅग्नेटो आणि त्याच्या पाठीवर डायनॅमो. लुकास कंपनीला इंग्रज लोकच थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात, पण ते दिव्यांबद्दल. मॅग्नेटो भक्कम असतं, फक्त म्हातारं होतं. आतल्या तारांवरचं जुनं शेलॅक (लाखेचं वार्निश) वयाने आणि उष्णतेने पाघळतं, कंडेन्सर मरतो. लक्षण ठरलेलं: सकाळी थंड गाडी दुसऱ्या किकला चालू, पंधरा मिनिटांनी गरम झाली की खोकून बंद, आणि अर्ध्या तासाने गार झाली की पुन्हा चालू. लोक कार्बोरेटर साफ करत बसतात.

आधी स्वस्तातली तपासणी करा. करंटची वायर जिथे मॅग्नेटोत शिरते तो पिकअप काढा. आत कोळशाचा छोटा ब्रश स्प्रिंगवर असतो, तो झिजलाय का बघा. त्या भोकातून पेन्सिलीला गुंडाळलेलं पेट्रोलचं फडकं आत टेकवा आणि कुणाला तरी इंजिन हळू फिरवायला सांगा. फडकं काळंकुट्ट निघेल. निघायचं थांबेपर्यंत पुसा. पॉइंटचं (करंट तोडणाऱ्या दोन टोकांचं) अंतर १२ थाऊ, म्हणजे ०.३ मिमी ठेवा. एवढ्यावर अंगठ्याच्या नखाइतका निळा करंट आला तर देव पावला. पिवळा, बारीक आला तर रिवाइंडिंग आणि नवा कंडेन्सर. खर्च पॅकेजमधल्या क्रोमवरचा वाचवा आणि इथे घाला. स्वतः आर्मेचर (आतला फिरणारा भाग) बाहेर ओढू नका. बॉडीला आडवा बसणारा सेफ्टी स्क्रू आणि अर्थिंगचा ब्रश आधी काढले नाहीत तर आतली स्लिप रिंग तडकते. शिवाय मॅग्नेटोचा गिअर नुसत्या निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेला असतो, त्याला जागी अडवणारी पट्टीसारखी चावी नसते. सैल केला की टायमिंग (ठिणगी पडायचा नेमका क्षण) गेलं. ते लावायची जुनी रीत म्हणजे इग्निशनची लिव्हर पूर्ण ॲडव्हान्सला (ठिणगी लवकर), पिस्टन मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतरावर, आणि पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद. कागद हलक्या ओढीने सुटला तो क्षण म्हणजे टायमिंग. हेड उघडं असतानाच हे केलंत तर अंतर सरळ मोजता येतं.

मॅग्नेटोचा एक फायदा असा की पहिल्यांदा चालू करायला बॅटरी लागत नाही, वायरिंगही लागत नाही. उंदरांनी खाल्लेलं सगळं वायरिंग तसंच राहू द्या. ६ व्होल्टचे दिवे नंतर बघू.

जुन्या टाकीतलं पेट्रोल वार्निशसारखं झालेलं असेल, म्हणून टाकी बाजूला ठेवा आणि पहिल्या वेळी सलाइनच्या बाटलीसारखी एक छोटी बाटली वर टांगून पेट्रोल द्या. कार्बोरेटर ॲमल कंपनीचा. जेट तारेने टोकरू नका, फुंकून साफ करा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं आणि कार्बोरेटरच्या जस्ताच्या धातूवर पांढरी बुरशी आणतं. म्हणून गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवायची. महागडं हाय ऑक्टेन मात्र लागत नाही. ही गाडी युद्धातल्या हलक्या पेट्रोलवर धावलेली आहे.

ऑइलची गोष्ट बुलेटवाल्यांनाही चकवते. इथे ऑइल वेगळ्या टाकीत असतं आणि पंप ते इंजिनात पाठवून परत टाकीत आणतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत खाली क्रॅंककेसमध्ये जमतं. टाकी रिकामी दिसते, तुम्ही वरून भरता, आणि चालू केल्यावर सगळीकडून काळा फवारा उडतो. म्हणून आधी खालचा ड्रेन उघडून इंजिन रिकामं करा, टाकी उतरवून रॉकेलने धुवा, तळातली जाळी साफ करा आणि मग साधं मोनोग्रेड ५० भरा. चालू झाल्यावर पहिलं काम म्हणजे टाकीचं झाकण उघडून आत बघणं. एका मिनिटात परतीच्या नळीतून ऑइल पिचकारीसारखं पडायला लागलं पाहिजे. नाही पडलं तर ताबडतोब बंद, कौतुकाचे व्हिडिओ नंतर.

चालू करायचीही एक रीत आहे. कार्बोरेटरवरचं टिकलर, म्हणजे छोटं बटण, दाबून धरा, पेट्रोल बोटाला लागेपर्यंत. इग्निशनची लिव्हर थोडी रिटार्डला (ठिणगी उशिरा) आणा. पूर्ण ॲडव्हान्सला ठेवलीत तर किक उलटी मारेल आणि पोटरी महिनाभर आठवण काढेल. किक दाबत कॉम्प्रेशन लागेपर्यंत जा, व्हॉल्व्ह लिफ्टरची (कॉम्प्रेशन सोडणारी) लिव्हर ओढून पिस्टन किंचित पुढे काढा, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग एकदाच, पूर्ण, शेवटपर्यंत. ताकद लागत नाही. माझ्याकडे साठी उलटलेल्या एक काकू चपलेने चालू करतात.

चालू झाली आणि दहा मिनिटं टिकली, की मग ब्रेक, चाकं आणि पुढचा चिमटा. गर्डर फोर्कच्या बुशा झिजलेल्या असतील. पुढचं चाक उचलून हलवलं की खडखड ऐकू येते, कुठलाही चांगला टर्नर त्या बनवून देतो. टायर ३.२५-१९, म्हणजे जुन्या बुलेटचाच, तो सहज मिळतो. ड्रम ७ इंचाचे आहेत, त्यांच्याकडून डिस्कची अपेक्षा नको. आणि गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या, हे पहिले काही दिवस टाकीवर चिकटपट्टीने लिहून ठेवा. तासाला ६० च्या पुढे नेऊ नका. साइड व्हॉल्व्ह इंजिन एक्झॉस्टच्या बाजूला फार तापतं. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण गार झालं की हेडचे बोल्ट पुन्हा आवळा.

सुटे भाग विलायतेतून येतात, आपल्याकडेही बनतात. मडगार्ड, लिव्हर, फूटरेस्ट देशी चालतील. व्हॉल्व्ह, ऑइल पंपाचे गिअर आणि कंडेन्सर इथे कंजुषी करू नका. आपल्याकडून इंग्लंडला गेलेल्या गाड्यांकडे तिथले जाणते अजून संशयाने बघतात. वरून चकाचक आणि आत कसलंही सामान, अशा गाड्या आपणच पाठवल्या.

शेवटी तुमचा प्रश्न, खाकी करू की चंदेरी. आत्ता ठरवू नका. ऑइल टाकीच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला रुपयाएवढी जागा घ्या आणि ४०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून हळूहळू घासा. एकेक थर वर्तुळासारखा उघडा पडेल. माझ्या एका एम२० वर वरून काळा, त्याखाली मरून, मग ब्रशने मारलेला निळा आणि अगदी तळाला सैन्याचा मळकट हिरवा निघाला. ती मी रंगवलीच नाही. नुसतं तेलाचं फडकं मारतो. तुमच्या घरी आजी किंवा मोठे काका असतील तर त्यांना ते वर्तुळ दाखवा आणि आजोबांच्या वेळी गाडी यांतल्या कुठल्या रंगाची होती ते विचारा.